पंचवीस मार्चपर्यंत ऊब

९ जानेवारी

ही वही नर्स मीरगुलने दिली. शाळकरी आहे, मागे पाढे छापलेले. म्हणाली, "सुयुनबेकभाऊ, डॉक्टर महिन्यातून एकदा येतात आणि त्यांच्यापुढे बसलात की तुम्हाला काही म्हणजे काही आठवत नाही. तो कधी झोपला, काय बोलला, गोळी गिळली की थुंकली, रोजचं रोज लिहा." गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलो. त्यानंतर मेंढ्या मोजण्यापलीकडे पेन्सिल हातात धरली नव्हती. बिस्मिल्ला करून लिहायला घेतो.

एल्चिबेक, वय सव्वीस. राहण्याची जागा: आमच्या बॉयलरचे गरम पाण्याचे पाइप शाळेतून निघून पुढच्या दोन इमारतींकडे वळतात, तिथला जमिनीखालचा खड्डा. वर लोखंडी झाकण. ऑक्टोबरपासून तिथे झोपतो. रशियात तीन वर्षं बांधकामावर होता, तिथे पावडरची सवय लागली. पोलिसांनी परत पाठवलं. इथे नारिनमध्ये पावडर मिळत नाही, म्हणून दारू आणि कसल्या कसल्या गोळ्या. आवाज ऐकू येतात ते त्याच्या आधीपासून की नंतर, असं डॉक्टर विचारतात. मला सांगता येत नाही.

मीही ऑक्टोबरातच मेंढ्या मेहुण्याकडे सोपवल्या आणि बायकोला, बुरुलला, घेऊन इथे भाड्याच्या खोलीत आलो. शाळेच्या बॉयलरवर दिवसपाळीला माणूस हवा होता.

डॉक्टरांना कळावं म्हणून हेही लिहितो. तो माझा मुलगा आहे आणि नाहीही. आमच्यात पहिलं मूल थोरांना देतात. चाळीस दिवसांचा झाला तेव्हा बुरुलने त्याला माझ्या आईच्या ओटीत घातलं. कागदावर तो माझ्या वडिलांचा मुलगा. त्यांना तो आई-बाबा म्हणायचा, मला दादा, बुरुलला वहिनी. मोठ्यांच्या देखत आम्ही त्याला उचलून घेणंही बरं दिसत नसे, म्हणून घेतलं नाही. तो सुखात वाढला. माझे बाबा त्याला घोड्यावर कायम पुढ्यात बसवायचे, मागे कधी नाही. आई सहा वर्षांपूर्वी गेली, बाबा पाच.

१३ जानेवारी

उणे अठ्ठावीस. भट्टीत कोळसा भरभरून घातला. दुपारी मुख्याध्यापिका बाई आल्या. "सुयुनबेक, मुलं खिडक्या उघडून बसलीत. तिसरीतल्या एका पोरीच्या नाकातून रक्त आलं. शाळा आहे ही, हमाम नव्हे."

काटा बिघडलाय, बघतो, म्हणालो. काटा ठीक आहे. खोटं बोललो, अल्ला क्षमा करो. पाणी आधी शाळेतून जातं आणि मग खड्ड्यातून. शाळेत खिडक्या उघडायची वेळ आल्याशिवाय खड्ड्यापर्यंत ऊब पोचत नाही.

रात्रपाळीचा जेनिश माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पाळी बदलताना त्याला म्हटलं, तुम्हीही जरा जास्त घालत जा.

"मी रात्री झोपतो," तो म्हणाला. "या वयात तुझ्या राजपुत्रासाठी कंबर मोडून घेऊ काय? कंबर मोडली तर तू चोळणार आहेस?"

वाईट वाटलं. माणूस मनाने कोरडा आहे.

१६ जानेवारी

नान आणि सूप घेऊन गेलो. झाकणावर तीनदा टकटक करायची आणि मगच उघडायचं, हा त्याचा नियम.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"दादा."

"कशावरून?"

"काल नान आणून दिला होता तो."

"कालचा नान कुत्र्याने खाल्ला."

"मग आज कुत्र्याला म्हणावं, झाकण उघड."

हसला. डॉक्टर, लिहून ठेवतो: सोळा तारखेला हसला. गोळी माझ्यासमोर गिळली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. दाढी वाढलीय, हात थरथरतात. पायात करड्या लोकरीचे नवे मोजे होते. मशिदीजवळच्या बायका वाटत असाव्यात. अल्ला त्यांचं भलं करो.

मग म्हणाला, "बाबा बोलतात."

"काय बोलतात?"

"मागे उभा राहा, म्हणतात."

"कशाच्या मागे?"

"ते नाही सांगत. नुसतं, मागे उभा राहा."

मी त्याला समजावलं, बाबा असं कधीच म्हणणार नाहीत. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि पाइपाकडे तोंड करून झोपला.

२१ जानेवारी

माझा करडा स्वेटर सापडत नाही. बुरुलला विचारलं तर म्हणते, "कसर लागली होती, उसवून टाकला." धड होता स्वेटर. या थंडीत नवऱ्याचा स्वेटर उसवणारी बाई मी पाहिली नव्हती.

आणि डबा बांधते तो दोन माणसांचा. वर टोमणा: "त्या भट्टीपेक्षा तूच जास्त खातोस." मी तरी काय करणार? बांधते म्हणून नेतो, अर्धा खड्ड्यात देतो. एल्चीबद्दल तिने एकदाही विचारलेलं नाही. मी सांगायला लागलो की भांडी आपटते. काल म्हणाली, "तुझ्या आईचा मुलगा तो. मला कशाला सांगतोस?" सत्तावीस वर्षांचा संसार झाला, पण तिचं मन या एका बाबतीत दगडाचं निघालं. कदाचित चाळीस दिवसांत जीव जडत नसेल. आमच्या मुलीवर, जी तालासला दिलीय, तिचा भारी जीव.

जेनिश झोपतो म्हणतो, पण सकाळी राख उपसताना चौदा घमेली निघतात. पूर्वी आठ निघायची. कोळसाच वाईट आला असावा.

२६ जानेवारी

जुम्मा. मशिदीबाहेर कादिर काका भेटले, बाबांचे धाकटे भाऊ. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"पोराला पिराच्या मजारीवर ने. तीन दिवस झाडाला बांध. चौथ्या दिवशी सोड आणि लग्न लावून दे."

"काका, मुलगी कोण देईल?"

"मुलगी मिळते रे. तू आधी बांध तर."

गेल्या उन्हाळ्यात नेलं होतं मजारीवर. तिथलं झऱ्याचं पाणी प्यायला, मुजावराच्या पाया पडला आणि आम्ही दुवा मागत होतो तेवढ्यात उतारावरून पळाला. दुवेवर माझा विश्वास आहे, रोज पाच वेळा करतो. पण नुसती दुवा करून भट्टी पेटत नाही, हेही रोज बघतो. हे काकांना बोलून दाखवलं नाही. थोरांसमोर जीभ चालत नाही माझी, लहानपणापासूनच.

२ फेब्रुवारी

डॉक्टर आले. तरुण आहेत, चष्मा पुसत वही वाचली. म्हणाले, मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दोन महिने ठेवावं लागेल, दारू आणि डोकं दोन्हींचा इलाज एकदम व्हायला हवा. जबरदस्तीने नेता येईल, पण नेलेले पळतात आणि पळालेले पुन्हा सापडत नाहीत.

"त्याने स्वतःहून यायला हवं. तोवर जिवंत ठेवा."

"कधीपर्यंत?"

"तुमच्या हातात किती दिवस आहेत?"

मी म्हणालो, पंचवीस मार्चपर्यंत. त्या दिवशी हुकुमाने बॉयलर बंद होतात. पण आमच्याकडे एप्रिलातही पहाटे नदीकाठी बर्फ असतो. गेल्या वर्षी पाइप थंड पडले तेव्हा खड्ड्यांतली माणसं पुलाखाली गेली, आणि त्यातले दोघं तिथेच गारठलेले सापडले. डॉक्टरांनी चष्मा घातला. "मग पंचवीस मार्च लक्षात ठेवा," म्हणाले.

कारकून बाईने कार्ड भरलं. नातं? भाऊ, म्हणालो. वडील? वारले. आई? वारली. कागदावर आहे तेच सांगितलं. मीरगुलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरी बुरुलला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "आईच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"वारली, असं. कागदावर आहे तसं."

ती उठून बाहेर गेली, कणकेच्या हातांनीच. जेवणात आज मीठ नव्हतं. वय झालं की चवीचा अंदाज चुकतो.

११ फेब्रुवारी

बाबांची पाचवी पुण्यतिथी. बुरुलने सकाळी तेल तापवून बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात, आम्ही अजून पाळतो. मी कुराण म्हटलं. कादिर काका आणि भावकीतले चौघे आले.

जेवणानंतर काका मयताच्या दिवसाची आठवण काढू लागले. किती लोक आले, किती घोडे बांधले होते. "आणि काय शिस्त होती. तंबूच्या दाराशी मुलगे, त्यांच्यामागे नातवंडं. एक पाय इकडचा तिकडे नाही. नाहीतर हल्लीची मयतं. कोण कुणाचं रडतोय कळत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग हातातला चहा खाली ठेवला.

तो दिवस असा होता. बाबांना तंबूत ठेवलं होतं. आम्ही मुलगे रिवाजाप्रमाणे कमरेला शेला बांधून, हातातल्या काठीवर वाकून दाराशी उभे. लांबून घोडेस्वार दिसला की मोठ्याने रडायचं, माझ्या बापा, माझ्या बापा, म्हणून. मी, माझा धाकटा भाऊ, आणि आमच्यामध्ये एल्ची. तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता. काका माझ्या कानाशी आले: "जिल्ह्याची माणसं येतायत. त्यांना ठाऊक आहे, तुझ्या बापाला, ओसोरला, पोटचे मुलगे दोनच. इथे तिघे बघून काय म्हणतील? पोराला त्याच्या जागेवर उभं कर."

मी त्याच्या कोपराला धरलं. माझ्या बहिणीच्या मुलांच्या रांगेत नेलं. ती मुलं आजोबा, आजोबा, म्हणून रडत होती. त्याने विचारलं, "दादा, इथे का?" पाहुणे जवळ आले होते. मी म्हणालो, "मागे उभा राहा."

एवढंच. मग माझ्या जागेवर येऊन रडायला लागलो. मागून त्याचा आवाज आला नाही. कोण म्हणून रडायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चाळिसावा दिवस झाला आणि तो रशियाला गेला.

पाच वर्षं मी म्हणत आलो की पावडरीने घात केला, रशियाने घात केला. डॉक्टर, सोळा जानेवारीला लिहिलंय की त्याला बाबांचा आवाज ऐकू येतो. ते दुरुस्त करतो. बाबांचा नाही.

१९ फेब्रुवारी

आठवडाभर काही लिहिलं नाही. डबा जेनिशच्या हाती पाठवत होतो. त्याने कुरकुर केली, पण नेला.

आज मी खाली उतरलो. आज तो बरा होता, म्हणजे प्यालेला नव्हता. पाइपाला पाठ लावून बसलो. काय बोलायचं ते भट्टीसमोर दहा वेळा घोकलं होतं. तरी उलटसुलट झालं. म्हणालो, मयताच्या दिवशी मी तुला रांगेतून काढलं. काकांनी सांगितलं, पण हात माझा होता. तू जे ऐकतोस तो बाबांचा आवाज नाही, माझा आहे.

तो नानचा तुकडा सुपात बुडवत होता. म्हणाला, "माहितीय."

"काय माहितीय?"

"आवाज तुझाय ते. तुझा आवाज मला कळत नाही होय? पहिल्यापासून माहितीय."

"मग बाबांचा का म्हणालास?"

"तू वहीत लिहितोस ना सगळं." त्याने तुकडा तोंडात टाकला. "म्हटलं, तुला वाईट वाटेल."

त्याने सूप संपवलं, वाडगा पुसला आणि विचारलं, सिगारेट आहे का. माझ्याकडे नसते, त्याला ठाऊक आहे. म्हणाला, "जेनिशकाका रोज एक देतो. तू नुसता पश्चात्ताप आणतोस."

वर आलो तेव्हा असरची वेळ टळून गेली होती. बॉयलरमागे पुठ्ठा अंथरून नमाज पढलो. सजद्यात गेलो ते लवकर उठलो नाही. क्षमा मागायची होती, पण ज्याच्याकडे मागायची त्याने तर सूप पिता पिता देऊनही टाकली होती. अशी फुकट मिळालेली क्षमा माणसाने ठेवावी कुठे?

५ मार्च

लिहायला लाज वाटते. पहिल्या तारखेला एल्ची बॉयलरवर आला, पाळी बदलायच्या वेळी. मी आनंदलो. चहा दिला. तो गेला आणि त्याच्याबरोबर जेनिशचा मेंढीच्या कातड्याचा कोट गेला. चार दिवस खड्डा रिकामा. मी बाजार, पूल, बसस्टँड, पोलीस चौकी सगळं पालथं घातलं. चौकीत म्हणाले, बर्फ वितळला की कळेल. जेनिशला तोंड दाखवायची चोरी.

आज सकाळी पाळीला आलो तर जेनिश बाकावर बसून बूट काढत होता आणि भट्टीजवळ फळीवर एल्ची पडलेला. एक भुवई फुटलेली, ओठ निळे, अंगात तोच कोट.

"मी माझा कोट शोधायला गेलो होतो," जेनिश म्हणाला. "लाकडांच्या वखारीमागे सापडला. आत हा होता. आता वेगळा काढायचा कंटाळा आला म्हणून तसाच आणला."

"जेनिशदादा, मी तुमचे उपकार..."

"गप रे. राख उपस, भट्टी कोंडलीय."

एल्चीने डोळे उघडले. कोटाची बाही बघून म्हणाला, "विकणारच होतो, काका. गिऱ्हाईक मिळालं नाही."

"मिळणार कसं? वीस वर्षांचा घामाचा वास आहे त्याला," जेनिश म्हणाला.

दुपारी तो स्वतःच खड्ड्यात परत गेला. थांब म्हटलं, थांबला नाही. इथे फार उजेड आहे, म्हणाला.

२१ मार्च

नौरोज. चौकात गाणी, मुलं झोपाळ्यांवर. शाळेला सुट्टी लागली. नदीवरचा बर्फ मधोमध काळा पडलाय.

बुरुलने नवा रुमाल बांधला, भांडं उचललं आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"जिथे रोज डबा जातो तिथे."

वाटेत म्हटलं, सांभाळून, खाली उतरायच्या शिडीची दुसरी पायरी तुटलीय. ती माझ्यापुढे होती. झाकणावर तीनदा टकटक केली, झाकण सरकवलं आणि दुसरी पायरी सोडून तिसरीवर बरोबर पाय ठेवला. बायकांना अशा गोष्टी न सांगता कळतात.

एल्ची उठून बसला. "वहिनी, आज दिवसा?"

"सण आहे," ती म्हणाली. "खा."

तो खात होता. तिने त्याचे मोजे काढून पाहिले, टाचेला भोक पडलं होतं. रुमालाच्या काठाला दोरा ओवलेली सुई टोचलेली होती, ती काढून तिथेच रफू करत बसली. वर मुलं ओरडत होती. मग त्याने विचारलं, "पाइप कधी बंद?"

"रविवारी," मी म्हणालो. "एल्ची, शहरात रुग्णालय आहे. डॉक्टर म्हणतात..."

"मीरगुलने सांगितलंय. दोन महिने. खिडक्यांना जाळ्या."

"खोलीवर चल मग. आपल्या."

"तिथे तुम्ही दोघं रात्रभर माझा श्वास मोजाल."

बुरुलने दोरा दातांनी तोडला. "मी मोजणार," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

तो हसला नाही, पण मोजे तिच्या हातून घेतले आणि स्वतः घातले.

२५ मार्च

नगरपालिकेकडून कागद आला: आज संध्याकाळी सहाला बॉयलर बंद. मी आणि जेनिश कागदाकडे बघत बसलो.

"शाळेला सुट्टी," जेनिश म्हणाला. "बाई गावाला."

"हो."

"कोळसा उरलाय थोडा."

"तो पुढच्या वर्षासाठी असतो."

"पुढच्या वर्षी मी जिवंत असेन याची कोण हमी देतो?" त्याने फावडं उचललं. "मी नाही वाचला तो कागद. चष्मा घरी आहे."

जेनिशला चष्मा नाही. मी दरवाजा बंद करून घेतला. हुकूम मोडायची माझी ही आयुष्यातली पहिली वेळ. नमाजात मन लागलं नाही, हात मात्र स्थिर होते.

३० मार्च

पाच दिवस झाले. दोन्ही इमारतींतले लोक खिडक्या उघड्या टाकून झोपतात आणि सरकारला दुवा देतात. रोज टकटक करतो, रोज तो विचारतो, "अजून गरम कसा?" मी म्हणतो, थंड व्हायला वेळ लागतो. कोळसा पार तळाला गेलाय, फावडं फरशीवर वाजतं.

२ एप्रिल

शाळा उघडली. आठ वाजता बाई आल्या. वर्गातल्या गरम पाइपाला हात लावून आल्या होत्या, हात अजून लाल. भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सुयुनबेक, एप्रिल आहे."

"हो, बाई."

"काटा अजून बिघडलेलाच का?"

मी मान खाली घातली. आता खोटं बोलवेना. म्हणालो, खड्ड्यात माझा मुलगा झोपतो.

हे शब्द मी कधी कुणापुढे उच्चारले नव्हते. बाई दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारनंतर तरी कमी करा. चौथीचं गणित चालू असतं," आणि गेल्या.

दुपारी शेवटची पाटी कोळसा घातली. ती जळत असतानाच दार ढकलून एल्ची आत आला. अंगात नुसता शर्ट, कपाळावर घाम. "दादा," तो म्हणाला, "बाहेर झाडांना पालवी फुटलीय. वहिनी सांगत होती, बॉयलर आठ दिवसांपूर्वीच बंद व्हायचा होता. खाली बसवत नाही इतका उकाडा. वेडा मी आहे की तू?"

"कोळसा संपला," मी म्हणालो. "ही शेवटची पाटी."

तो भट्टीच्या दाराशी उकिडवा बसला. आतली लाल आच बघत राहिला. मग त्याने विचारलं, "शहराची गाडी कधी असते?"

"गुरुवारी. सकाळी सातला."

"जाळ्यांतून बाहेरचं दिसतं का?"

"मला माहीत नाही, एल्ची."

"बरं झालं, दिसतं म्हणाला नाहीस," तो म्हणाला, आणि फळीवर आडवा झाला. गुरुवारपर्यंत इथेच राहीन, म्हणाला. बुरुलला सांगितलं तर तिने गादी-रजई गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन निघाली.

५ एप्रिल

गाडीत लिहितोय, अक्षर हलतं.

पहाटेची नमाज आटोपून आम्ही दोघं बॉयलरवर गेलो. फळी रिकामी. रजईची घडी घातलेली, चार कोपरे जुळवून, माझी आई घालायची तशी. जेनिश दाराशी उभा होता. "माझा डोळा लागला," म्हणाला. "या वेळी खरंच लागला." खड्ड्याकडे धावलो. झाकण उघडं, खाली कुणी नाही. पुलाखाली गेलो. तिथे नुसतं पाणी, आणि काठाला पातळ बर्फ. बुरुल मागून धापा टाकत येत होती. सात वाजायला आले. कशासाठी कोण जाणे, तरी आम्ही बसस्टँडकडे वळलो.

तो गाडीच्या पायरीवर बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, कोटात. कोट जेनिशचा.

"किती उशीर?" तो चिडून म्हणाला. "ड्रायव्हर दोनदा निघत होता. तुमच्याबरोबर आलो असतो तर वाटेतच मागे फिरलो असतो. म्हणून आधी आलो. आता चढा."

चढलो. तो खिडकीशी, बुरुल मध्ये, मी कडेला. घाटाचं पहिलं वळण आलं. तो पांढरा पडला आणि ड्रायव्हरला थांबव म्हणाला. उतरून रस्त्याच्या कडेला ओकला. ओकून झाल्यावरही तो आला नाही. झाडाला हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. समोर खाली आमच्या गावाकडे जाणारी पायवाट दिसत होती. मी उठलो. बुरुलने माझा हात धरून मला बसवलं.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "वहिनी, बारा माणसं खोळंबलीत. कोण लागतो तो तुमचा? त्याला यायचंय की नाही?"

"तुला काय करायचंय?" बुरुल म्हणाली. "थांब म्हटलं की थांब."

ड्रायव्हरने गाडी बंद केली. मागच्या म्हातारीने वाळवलेल्या दह्याचा, कुर्तचा, खडा तोंडात टाकला. कुणी घड्याळ बघितलं. मी तोंडातल्या तोंडात जेवढे कलमे येतात तेवढे म्हटले आणि मग तेही थांबवले, कारण आता यात माझं काही नव्हतं. झाडाजवळ तो किती वेळ होता, वहीत लिहिता येणार नाही, मी मोजला नाही.

मग तो वळला. बाहीने तोंड पुसलं. गाडीत चढला, आमच्या गुडघ्यांवरून खिडकीशी सरकला, आणि पुन्हा वाकून, हात लांब करून, दार स्वतःच ओढून लावलं.